तीन पाट्यांची कमान

आबा, नावेच्या ट्रेलरच्या दोन्ही कमानी बदलल्या, चाकांवर धक्के सोसणाऱ्या लोखंडी पाट्यांच्या. भंगारात निघालेल्या जीपच्या कमानी आणून तुम्ही स्वतः बसवल्या होत्या, त्या काढल्या. तुम्ही गेल्यावरही त्या इतकी वर्षं टिकल्या हे सांगून तुम्हाला खूश करायचा माझा विचार नाही. लोखंड जाड होतं आणि पुढेपुढे त्यांना काम उरलं नव्हतं, म्हणून टिकल्या. गेल्या महिन्यात नाव पाण्यात उतरवायला जीप मागे घेत होते, तेव्हा उजव्या चाकापाशी काडकन आवाज झाला आणि ट्रेलर त्या बाजूला बसला. वाकून पाहिलं. सगळ्यात वरचा लांब पाटा, ज्याचं टोक वळवून डोळा केलेला असतो, तो त्या डोळ्यापाशीच तुटला होता. तुटलेल्या जागी अर्धा भाग काळा होता आणि अर्धा चकचकीत. म्हणजे अर्धा तो केव्हाच तुटलेला होता, आणि मी त्यावर नाव ओढत होते.

तुम्हाला घरची परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर तुम्ही विचाराल की ट्रेलर सुनेने कशाला बघायचा, घरात पुरुष माणूस नव्हता का. नाही. तुमचा मुलगा जाऊन बरेच पावसाळे झाले. तुमचा नातू मारुंजीला एका उंच इमारतीत राहतो, हिंजवडीला कामाला जातो आणि रविवारी फोन करतो. मी पौडच्या शाळेतून निवृत्त झाले, त्यालाही आता काळ लोटला. घरात मी आहे, गोठ्याच्या जागी जीप आहे आणि तिच्यामागे नाव. तुमची पत्र्याची नाव केव्हाच संपली. ही फायबरची, तुमच्या मुलाने हौसेने घेतलेली, हलकी. ट्रेलर मात्र तुमचाच.

आठवड्यातून एकदा मी तळ्याच्या पलीकडे जाते. आपल्या खाचरात आता भात कोणी लावत नाही. फणसाखाली बसते, भाकरी खाते, परत येते. मुलगा विचारतो, आई, तिथे जातेस कशाला? मी सांगते, शेतावर नजर ठेवायला. त्या शेतात नजर ठेवण्यासारखं काही राहिलेलं नाही हे त्यालाही माहीत आहे, पण तो सभ्य आहे, पुढे विचारत नाही. कमान तुटली तेव्हा मात्र त्याने विषय काढला. तळ्याच्या कडेला एक रिसॉर्ट झालं आहे, त्यांना ही नाव हवी आहे, चांगले लोक आहेत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, चांगल्या लोकांनी नवी घ्यावी. मग आमचं ठरलं. मी एकदा दुरुस्ती करायची. त्यानंतर ह्या उन्हाळ्यात काही मोडलं, तर नाव द्यायची. शब्द मीच दिला, कारण त्याचं म्हणणं रास्त होतं. ह्या वयात एकट्या बाईने तळ्याच्या काठावर ट्रेलरखाली शिरणं मला स्वतःलाही फारसं शहाणपणाचं वाटत नाही.

कमान निवडायची म्हणजे आधी मापं घ्यायची. जुनी कमान वर्षानुवर्षं वजन सोसून सपाट होते आणि सपाट झाली की लांब भरते, म्हणून तिच्यावर टेप धरून काढलेलं माप खोटं. मी ट्रेलरच्या सांगाड्यावरूनच अंतर घेतलं, पुढचा पक्का खुंट आणि मागची झुलती कडी यांच्यामधलं. पाट्याची रुंदी घेतली. डोळ्यात जाणाऱ्या बोल्टची जाडी घेतली. डावी कमान शाबूत होती, तरी दोन्ही बदलायच्या ठरवल्या. एक नवी आणि एक दमलेली असली की नाव कायम एका अंगाला झुकते. एवढं झालं आणि मग वजन. नाव, इंजिन, तेलाचा कॅन, वल्ही, दोर, नांगर. बेरीज केली, खड्ड्यांसाठी थोडं वर धरलं, दोन चाकांत वाटलं. माणसं लिहायच्या जागी शून्य घातलं. मी तर जीपमध्ये असते.

तुमच्या कमानीत पाटे कितीतरी जास्त होते आणि ते का, हे मला माहीत आहे. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि पाणी व घट्ट जमीन यांच्यामध्ये गुडघाभर चिखलाचा पट्टा उघडा पडतो. म्हणून आपल्या काठावर नावेतली माणसं उतरत नाहीत. नाव ट्रेलरवर चढवायची आणि माणसांसकट, पोत्यांसकट, वरच्या रस्त्यापर्यंत ओढून न्यायची. पुण्याच्या मैत्रिणी आल्या होत्या तेव्हा त्यांना ही मोठी गंमत वाटली होती. आपल्याला त्यात गंमत कधी वाटली नाही. लुगडी चिखलात घालायची नव्हती, एवढंच.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मी डोक्यावर पदर घेऊन काठावर उभी आहे, आणि तुम्ही म्हणता, बस. मी नावेच्या तळाशी बसते, कारण तुमच्या घरात सून सासऱ्यासमोर उंच बसत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं आहे. तुम्ही वल्हं थांबवता. "फळीवर बस. माज्यासमोर. खाली बसलीस तर नाव कलंडंल." मी काठाकडे बघते, तिथे सासूबाई उभ्या आहेत. "तिकडं नगं बघू," तुम्ही म्हणता, "पान्याला सासू-सासरा कळत न्हाई." मी समोरच्या फळीवर बसते. सासूबाई तोंड फिरवतात. त्या दिवसापासून पाण्यावर आपण समोरासमोर बसत आलो आणि घरी आल्यावर मी पुन्हा दाराआडून बोलत आले. दोन्हीची मला सवय झाली. घरात मला बीएस्सी झालेली सून म्हणून पाहुण्यांना दाखवत, पण समोर बसवून प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे होता, आणि तेही नावेत. पारा जड का असतो, विमान पडत कसं नाही, पुण्यात कॉलेजात मुली मुलांशी बोलतात का. शेवटच्या प्रश्नाला मी 'गरजेपुरतं' असं उत्तर दिलं, तेव्हा तुम्ही इतके हसलात की वल्हं निसटलं.

रागावलातही. ट्रॅक्टर मागे घेऊन ट्रेलर पाण्यात घालायला मी शिकत होते. मागे घेताना ट्रेलर उलटीकडे वळतो हे डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. ट्रेलर आडवा गेला, चाक दगडावर चढलं. काठावर पाच-सहा माणसं फिदीफिदी हसत होती. मी खाली उतरले आणि म्हटलं, हे माझं काम नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "मंग कुनाचं हाय? शिकल्याली हायेस ना? पुन्ना घे." मी पुन्हा घेतलं. पुन्हा आडवा. पुन्हा घेतलं. हसणारी माणसं कंटाळून निघून गेली, तरी तुम्ही उभे होतात. पुढच्या आठवड्यात पुण्याहून येताना तुम्ही माझ्यासाठी गमबूट आणलेत, पुरुषी, दोन बोटं मोठे. कागदात गुंडाळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलेत आणि अंगणात गेलात. सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. सुनेला बूट, असं म्हणाल्या, आणि पुन्हा थापायला लागल्या. मी पुढे चिंध्या कोंबून ते झिजेपर्यंत वापरले.

असो. मी कमानींचं सांगत होते.

मारुंजीला मुलाच्या इमारतीपासून जवळच कमान-पाट्याचं एक दुकान आहे. वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या, खाली दुकान, बाहेर टेम्पोंची रांग. त्या भागात रोज कोणीतरी खोली बदलतं, त्यामुळे टेम्पोंना उसंत नाही. दुकानदार तिथलाच, पन्नाशीचा.

"कंच्या गाडीची?" त्याने विचारलं.

"नावेच्या ट्रेलरची."

"नावेला कमान?"

"नावेला नाही. ट्रेलरला."

"व्हय व्हय. मला वाटलं पान्यात बी खड्डे झालं का काय." शेजारी चहा पीत उभा असलेला टेम्पोवाला हसला. मी मापांचा कागद पुढे केला. त्याने तो नीट वाचला, आत जाऊन दोन कमानी आणल्या, मी टेप धरला, बरोबर भरल्या. मग तो म्हणाला, "तीन पाट्याच्या हायेत ह्या. चौथा टाकतो."

"तीन पुरेत."

"बाई, हितं समदेच एक वाढवून टाकत्यात. ह्यो बघा," त्याने टेम्पोवाल्याकडे बोट दाखवलं, "ह्येनं दोन वाढवल्यात. कपाट, वॉशिंग मशीन, सासू, समदं एका खेपंत न्येतो."

"सासू पुढं बसती," टेम्पोवाला म्हणाला.

मी त्यांना समजावून सांगितलं. शाळेत सांगत असे तसंच सांगितलं असणार, कारण दोघेही सरळ उभे राहिले. वजन कमी आणि कमान ताठ असली की ती दबत नाही. कमान दबली नाही की खड्ड्याचा धक्का सरळ नावेला बसतो. फायबरला तडा जातो, आणि तो तडा पाण्यात गेल्यावर कळतो. मला वजन वाहायचं नाही, नाव जपायची आहे. तीन पाटे.

"पर रिकामीच कशापायी न्यायची?" दुकानदार म्हणाला. त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. मी म्हटलं, ती माझी बाब आहे. तो म्हणाला, "ऱ्हायलं," आणि कमानी ग्रीस लावून गोणपाटात बांधायला लागला.

त्याने गावातला एक फिटर पाठवला. बसवताना मी बाजूला उभी राहिले. प्रत्येक पाट्यामध्ये ग्रीस जातंय का पाहिलं, वरून रंगाचा हात मी स्वतः दिला. दुसऱ्या दिवशी नाव घेऊन पाण्यापर्यंत गेले. आबा, ट्रेलर असा गेला की मागे काही आहे हेच कळेना. खड्ड्यात चाक जायचं, वर यायचं, आणि नाव नुसती मान डोलावल्यासारखी. आरशात बघत मी मनाशी म्हटलं, हिशेब चोख उतरला. तो कोणाला सांगावा असं वाटलं. मुलाला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता. संध्याकाळी त्याने उलटा केला तेव्हा सांगण्यातला जीव गेला होता. ठीक बसल्या, एवढंच म्हटलं.

आणि मग परवा मी पलीकडे गेले. भाकरी खाल्ली, परत निघाले, नाव ढकलणार तोच वरून ओरडणं ऐकू आलं. "अगं ए बाय! थांब की जरा!" पायवाटेने कोणीतरी काठी टेकत उतरत होतं, मागून दोन बकऱ्या. पलीकडच्या धनगरवाड्यातली मावशी. तुम्ही तिला ओळखता. तिचं लग्न झालं त्या वर्षी तुम्ही तिला माहेरी जायला नावेतून सोडलं होतं, आणि ती सबंध वेळ डोळे गच्च मिटून बसली होती. आता तिला उघड्या डोळ्यांनीही फारसं दिसत नाही.

"हाकारा न्हाई, काय न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "चोरावानी येतीस आन चोरावानी जातीस व्हय गं?"

तुम्ही पलीकडून निघताना तोंडाभोवती हात धरून हाकारा द्यायचात. कोन हाय का येनार! मग वाट बघायचात. मला घरी पेपर तपासायचे असत, मी चुळबुळ करी, आणि तुम्ही डोंगराकडे बघत बिडी ओढत बसायचात. कोणी ना कोणी यायचंच. आजारी पोर, भांडून निघालेली बाई, फणस घेऊन बाजाराला निघालेला म्हातारा. पुढे तळ्याला वळसा घालून रस्ता चांगला झाला, घरोघरी मोटरसायकली आल्या आणि हाकारा आपोआप थांबला.

"हाकारा कोणाला द्यायचा, मावशी? सगळ्यांकडे फटफट्या आहेत."

"माज्याकडं हाय का फटफटी?"

"नाही."

"मंग!"

तिला जांब्याला जायचं होतं. नातू तिथे भाड्याच्या खोलीत राहतो, एका कंपनीच्या गेटवर उभा असतो, तो डोळ्याच्या दवाखान्यात नेणार होता. तो न्यायला का आला नाही, असं मी विचारलं. "त्यो येतो म्हनला हुता. पर त्याच्या फटफटीवर बकऱ्या बसत्यात का? तुज्या काठाला थांब म्हनलंय त्याला." बकऱ्या कशाला न्यायच्या, असं विचारलं तर म्हणाली, "मागं कोन हाय त्यान्ला?" तिला धरून फळीवर बसवलं, माझ्यासमोर. बकऱ्या पायाशी, गाठोडं मांडीवर, आणि नातवासाठी नाचणीची एक गोणी होती ती मधोमध. अर्ध्या तळ्यात एका बकरीने माझा दोर खायला घेतला. मावशी सारखी बोलत होती. कोण मेलं, कोणाची सून पळाली, मेंढरं घेऊन गेलेला मुलगा कुठवर पोचला असेल. मी इंजिन मंद केलं, म्हणजे तिचं ऐकू यावं.

आपल्या काठाला मी जीप मागे घेतली, एकाच दमात, ट्रेलर सरळ पाण्यात. नाव चढवली, दोर आवळला. मग म्हटलं, मावशी, उतरायला लागेल.

"चिखलात?"

"मी धरते."

"तुज्या सासऱ्यानं कदी उतरवली न्हाई," ती म्हणाली, आणि गाठोडं आणखी घट्ट धरून बसली. "न्हे वर."

मी तिला कमानी समजावून सांगायला लागले. तीन पाटे, वजनाचा हिशेब, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पर मी बसल्याली हाय आता."

तेव्हा मी जीपमध्ये बसले आणि ओढलं. पाण्यातून चाकं बाहेर येताच नाव खाली बसलेली आरशात दिसली. उतरून पाहिलं, तर दोन्ही कमानी पार सपाट झाल्या होत्या आणि उजवी तर उलटीकडे वाकायला लागली होती. टायर वरच्या पत्र्याला घासत होता. मागे जाता येत नव्हतं, थांबून राहिलं तर चाकं चिखलात रुतली असती. पुढे जाणं एवढंच हातात होतं. चढभर मी चेहरा कडक करून जीप चालवली. मनात मुलाला दिलेला शब्द होता, आणि रिसॉर्टच्या चांगल्या लोकांचे चांगले चेहरे. वर रस्त्याला लागलो तेव्हा जळक्या रबराचा वास येत होता. मावशी नावेत राणीसारखी बसलेली, दोन्ही बकऱ्यांच्या मानेवर हात. नातू मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याने आजीला उचलून खाली घेतलं, गोणी बांधली, आणि बकऱ्यांकडे बघून डोकं खाजवलं. "त्या ऱ्हात्यात बाईकडं," मावशीने परस्पर सांगून टाकलं. मला कोणी विचारलं नाही. आत्ता त्या अंगणात आहेत आणि जास्वंद खाऊन झाली आहे.

डावी कमान पुन्हा वर आली. उजवी पुरती आली नाही, थोडी बसलीच. माझा हिशेब चुकला नव्हता, आबा, हे मी पुन्हा तपासून पाहिलं. त्यात घातलेलं शून्य तेवढं राहिलं नाही.

मुलाला फोन केला. लपवायचं कारण नव्हतं. "कमान बसली," मी म्हटलं.

"म्हणजे मोडली? आई, आपलं ठरलं होतं."

"मोडलं तर द्यायची, असं ठरलं होतं. मोडली नाही. बसली."

तो हसायला लागला. किती दिवसांनी हसताना ऐकला. "तू ना, आई!" म्हणाला. मग विचारलं, बसली कशाने? मी सांगितलं, पलीकडची मावशी, दोन बकऱ्या, नाचणी. "ती अजून आहे?" तो म्हणाला. "लहानपणी मला खरवस द्यायची. जांब्यात आली आहे? म्हणजे इथे, माझ्याजवळ?" पत्ता मला माहीत नव्हता. विचारून सांगते म्हटलं. मग मी मारुंजीच्या दुकानदाराला फोन लावला आणि सांगितलं की दोन्ही बाजूंना चौथा पाटा टाकायचा आहे. चार पाट्यांवर रिकामी नाव नेता येत नाही हे मी त्याला आधीच समजावून दिलेलं आहे, त्यामुळे त्यानेही काही विचारलं नाही.

हे लिहून झाल्यावर बंबात जाईल. पाठवायला तुमचा ठिकाणा नाही, आणि घरात ठेवलं तर मुलाच्या हाती लागेल. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. चिखल संपल्यावरचा तो चढ तसा लहानसा आहे. मी पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ थांबत थांबत चढले. मागून मावशी ओरडली, "गाडी दमली का गं?" मी खिडकीतून ओरडून सांगितलं, कमानी जपतेय. कमानींना त्याने काहीच फरक पडत नव्हता, त्या बसायच्या तेवढ्या बसून गेल्या होत्या. आरशात नावेत कोणीतरी बसलेलं दिसत होतं, आणि रस्ता लवकर आलेला मला नको होता.